गिअर टाकतो कोण?

पाववाल्या पोदेराची पोंपों अजून वाड्यावर पोचलेली नसते आणि फोन वाजतो. इतक्या सकाळी फोन करणारा माणूस आमच्या तुये गावात एकच. "मोकळो आसस?" आबा विचारतात. उत्तराची त्यांना गरज नसते. मी तोंडातल्या ब्रशासकट "हं" म्हणेपर्यंत त्यांची पांढरी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिलेली असते. इंजिन चालू, काचा वर, पंखा बंद. पंख्याच्या आवाजात गिअरबॉक्सचं बोलणं ऐकू येत नाही.

मग आम्ही सड्यावर जातो. इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी केलेले रुंद रस्ते तिथे आहेत, आणि त्या वेळी त्यांच्यावर गुरं आणि आम्ही, एवढीच वर्दळ. आबा दांडा 'डी'वर आणतात. "आता बोलू नको." गाडी सुटते. ताशी पंधरा, अठरा, वीस. आबांचा डावा डोळा बारीक होतो. "आता... आता टाकतलो बघ..." आणि पहिल्याचा दुसरा होताना आम्हा दोघांच्या माना पुढे झुकतात. एकदा. श्वास घ्यायच्या आत पुन्हा एकदा.

"बघितलंस? तूसुद्धा होय होय म्हणतोस."

गेले सात महिने मी असा होय होय म्हणतो आहे.

आबा गोव्याच्या कदंब बससेवेचे निवृत्त ड्रायव्हर. महामंडळ १९८० साली निघालं आणि आबा सुरुवातीच्या काही वर्षांतच लागले. त्या काळच्या बसगाड्या चालवणं म्हणजे रोजची झोंबाझोंबी होती. डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग कानाने जुळवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दुसरा गिअर. वेग जुळला नाही तर गिअरबॉक्स असा करवादायचा की मागच्या बाकावरची म्हातारी भगवतीचं नाव घ्यायची. आबांच्या गाडीत म्हातारीला ती वेळ कधी आली नाही, हे आबा स्वतः सांगतात आणि त्या काळचे कंडक्टरही कबूल करतात. पेडण्याहून पणजीला जाताना गिअर कधी पडला हे कळायचं नाही. झोपलेलं पोर झोपलेलं राहायचं.

या कौशल्याची किंमत डाव्या गुडघ्याने मोजली. निवृत्तीनंतर गुडघा बोलू लागला, डॉक्टरांनी झीज सांगितली आणि जहाजावर असलेल्या चिरंजीवांनी सुट्टीत येऊन परस्पर ऑटोमॅटिक गाडी बुक केली. "बाबा, आता क्लच नाही. डाव्या पायाला पेन्शन." चिरंजीव मोपाच्या विमानतळावरून उडून गेले, तिथून जहाजावर चढले, आणि आबा घरी अशा गाडीजवळ राहिले जिच्यात गिअर दुसराच कुणीतरी टाकतो.

खरं दुखणं इथे आहे.

आबांचा स्वभाव असा की दुसऱ्याने केलेलं काम त्यांना दिसत नाही, त्यातली चूक तेवढी दिसते. सुनेने कपडे धुवायचं ऑटोमॅटिक मशीन आणलं तेव्हा हे स्टूल घेऊन पुढ्यात बसले. "पाणी कमी घेतलं." "आता उलटं फिरलं." "पिळायची घाई कशाला?" शेवटी मशीनने मध्येच थांबून विचार केला तेव्हा यांनी बटण दाबून त्याला मदत केली आणि न्हाणीघरभर साबणाचं पाणी झालं. दशावतारी नाटकाला गेले तर राजापेक्षा पेटीवाल्याकडे लक्ष. चतुर्थीच्या भजनात दुसरा झांज वाजवत असेल तर यांची बोटं मांडीवर. काकी म्हणतात, "लग्नाला पन्नास वर्षं होत आली, अजून पेजेत मीठ मी घालते हे त्यांना पटलेलं नाही." अशा माणसाच्या हातातून दांडा काढून घेतला तर तो काय करेल? जो काढून घेऊन बसलाय त्याच्यावर नजर ठेवेल.

आणखी एक. आबा उपदेश करतात तो छापील मराठीत आणि रागावतात ते पेडणेकरीत. सध्या ते गाडीबद्दल मराठीत सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत पेडणेकरीत उतरतात.

ऑटोमॅटिक ही एकच चीज आहे असं आपण समजतो, पण तिच्या जाती आहेत. अमेरिकेत १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स मिळू लागला, तेव्हापासून तेलाच्या जोरावर गिअर पडतात. पुढे टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यात तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिनाने एक फिरवला की तेल ढवळून दुसरा फिरतो, दोघांचा हात हातात नसतो, म्हणून धक्का मऊ. दुसरी जात सीव्हीटी. दोन कप्प्या, मध्ये पट्टा, कप्प्यांच्या चकत्या जवळ-दूर होतात, गिअर असे नाहीतच. ही जात ऐकून लोक चमकतात, पण १९८४ ला आलेल्या कायनेटिक होंडापासून आपल्या बाया-माणसांनी स्कूटरवरून हेच चालवलंय. बाजारात जाताना कुणी "मी सीव्हीटी घेऊन निघाले" म्हणत नाही, एवढंच.

तिसरी जात एएमटी, आबांच्या गाडीतली. आपल्याकडे ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आली, मग बाकीच्यांनीही उचलली. आबांची गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तिचा काहीच दोष नाही हे पुढे येईलच. एएमटी म्हणजे साधाच हातगिअरचा बॉक्स, तीच चाकं, तोच क्लच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर ओढायला एक यंत्राचा हात बसवलेला आणि त्याला हुकूम द्यायला एक छोटा कॉम्प्युटर. हे मी आबांना समजावून सांगितलं आणि पस्तावलो. तोवर ते यंत्राबद्दल बोलत होते. त्या दिवसापासून 'तो' झाला. "तो झोपेत आसा." "चढावर तेका समजणां." "कुणी शिकवल्यान तेका?"

'तो' किती धक्के देतो याची वही झाली. रकाने आखलेली, तारीख, वेळ, ठिकाण, कितीवरून किती, आणि शेवटचा रकाना धक्क्याचा. लहान, मध्यम, मोठा, आणि एक चौथा प्रकार: अपमानास्पद. हा चौथा धक्का गाडीत पाहुणे असताना बसतो. पुढे वहीने भागेना म्हणून डॅशबोर्डवर स्टीलचा पेला आला, काठोकाठ पाणी भरून. पहिल्याचा दुसरा होताना किती सांडतं ते मोजायचं. ते सांडायचं माझ्या मांडीवर, त्यामुळे मोजणीही माझ्याकडेच आली.

दांड्यावर 'एम' असतो. तिथे आणलं की वर-खाली करून गिअर आपणच सांगायचा, क्लच मात्र यंत्राचा. मी म्हटलं, आबा, 'एम'वर चालवा, तुमच्या मनासारखं होईल. आठ दिवस चालवलं. हाताला काम मिळालं, चेहरा उजळला. पण धक्का तसाच, दोनदाच. माना तशाच, होय होय. आणि संध्याकाळी ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळणं तसंच. "ऑटोमॅटिक घेतली तरी ह्यो दुखताच मरे," आबा म्हणत. काकी म्हणत, वय झालं. मी म्हणे, हवा दमट आहे. तिघांनीही पुरावा समोर ठेवून तेलाची बाटली बंद केली.

मग गॅरेजं सुरू झाली. शिवोलीच्या पुलावरून म्हापसा आम्ही इतक्यांदा गाठलं की वाटेवरचे खड्डे तोंडपाठ झाले. त्याआधी मोपाच्या एका टॅक्सीवाल्याने आबांना ज्ञान दिलं होतं: ऑटोमॅटिक बिघडली की आधी तेल बघायचं. गाडी सपाटीला, इंजिन गरम आणि चालू, दांडा सगळ्या घरांतून एकदा फिरवून आणायचा, मग तेलाची पट्टी काढायची. तेल लाल तर तब्येत ठणठणीत. काळं आणि करपट वास तर आतले क्लच जळताहेत. दुधाळ तर पाणी शिरलं. सल्ला शंभर टक्के खरा, फक्त टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्यांसाठी. नव्या पुष्कळ गाड्यांत पट्टीच नसते, आणि आबांच्या एएमटीत ती असायचा प्रश्नच नाही. आबांनी तीन दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून पट्टी शोधली, चौथ्या दिवशी एक सापडली, ती ओढली, तेल काळं. "जळलो! बॉक्स जळलो!" मी धावत गेलो. ती इंजिनाची पट्टी होती. इंजिनाचं तेल काळंच असतं.

म्हापशाच्या पहिल्या गॅरेजने गिअर ऑइल बदललं. दुसऱ्याने क्लच गेल्याचं सांगितलं. क्लच जातो तेव्हा इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. इथे गाडी सरकत होती, फक्त मान हलवून. आबांनी त्याला तसं छापील मराठीत सुनावलं. तिसऱ्याने इंजिनाची माउंटिंगं बघितली, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ती. रबर तुटलं की गिअर पडताना इंजिन उडी मारतं, मुद्दा बरोबर, पण रबर नवंकोरं. चौथा त्यातल्या त्यात शहाणा. तो म्हणाला, या जातीत क्लच दाबणारा पंप विजेवर चालतो, बॅटरी मलूल झाली की गिअरबॉक्स वेड्यासारखा वागतो. खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगच्या तारेवर हिरवट थर धरला होता तो त्याने खरवडला, बॅटरी बदलली. हेडलाइट उजळ झाले. माना होय होय.

मला या गॅरेजवाल्यांचा राग येत नाही. प्रत्येकाने आपल्या दुकानात असलेलं दुखणं विकलं, खोटं कुणी बोललं नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनीच केली. गाडी स्वतः चालवून बघितली आणि म्हणाले, "आमच्या हातात तर मऊ चालते." एक मान हलते, तीही थोडीशी, एएमटीत ती हलायचीच, गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर सुटते. अॅक्सिलरेटर त्या क्षणाला जरा सैल सोडला की तेवढीही हलत नाही. म्हणजे पहिल्या मानेचा हिशेब लागला. दुसरी मान कुणाची?

आबांचं उत्तर तयार होतं. "परक्याच्या हातात शहाणी होते. मास्तर आल्यावर पोर कसं पाटी घेऊन बसतं?"

पाचव्या ठिकाणी स्कॅनर लावला. आबांना याच क्षणाची आस होती. कोड मिळणार, कागदावर छापून मिळणार, जहाजावर पाठवता येणार. पडद्यावर कोड एकही नव्हता. आबांचा चेहरा रक्ताचा रिपोर्ट चांगला आलेल्या माणसासारखा पडला. "एकसुद्धा नाही? एवढी मोठी गाडी..." तिथल्या पोराने समजूत घातली की कोड आला तरी निदान होतंच असं नाही. पी०७०० हा त्यातला प्रसिद्ध कोड, त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचं आहे, त्याच्याकडे जाऊन विचारा. गावात नाही का, भांडण कुणाच्या घरात चाललंय ते बोटाने दाखवतात, कशावरून ते सांगत नाहीत. आबा म्हणाले, "मग तोच एक घाल."

एवढ्या खर्चानंतर आम्ही तुयेतल्याच मेस्त मेकॅनिककडे गेलो. आधी का गेलो नाही? तो गावचा म्हणून. शिवाय आबांनी त्याला लहानपणी बसमध्ये दारात लोंबकळल्याबद्दल उतरवलं होतं, आणि ज्याला आपण उतरवलं त्याच्याकडे आपली गाडी चढवायची म्हणजे जरा जड जातं. पोरगा आयटीआय शिकलेला, बोलणं कमी, कानावर पेन्सिल. त्याने बॉनेट उघडलं नाही. विचारायला लागला.

"थंड असताना की तापल्यावर?"

"दोन्ही."

"चढावर की सपाटीवर?"

"दोन्हीकडे."

"कितीवरून कितीवर?"

"सगळीकडे. वही आणलीय."

वही त्याने मन लावून वाचली. 'अपमानास्पद'वर जरा थांबला. मग विचारलं, "आबा, दुसरं कोणी चालवतं तेव्हा येतो?"

"गॅरेजवाले सोडले तर दुसऱ्याला कशाला देऊ मी माझी गाडी?"

मेस्ताने पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. मला म्हणाला, "तुम्ही आज गाडीत नको. माझ्या मागे बसा."

आबा पुढे गाडीत, आम्ही अॅक्टिव्हावर मागे. पार्श्याच्या दिशेने निघालो. सात महिन्यांत पहिल्यांदा मी ती गाडी मागून बघत होतो, आणि मागून ती अगदीच साधी दिसत होती, पांढरी, मागच्या काचेवर देवीचं नाव. आबांनी वेग घेतला. मनातल्या मनात मी मोजलं: पंधरा, अठरा, वीस. आणि गाडीचे दोन्ही लाल दिवे लागले. विझले. लागले. विझले.

ब्रेकचे दिवे.

तीस ओलांडताना परत. लागले, विझले, लागले, विझले. पुढच्या गिअरला पुन्हा तसंच, मोजून दोनदा, मध्ये इंजिनाचा वेग जुळवण्यापुरती उसंत. मेस्ताने अॅक्टिव्हा बाजूला घेऊन थांबवली. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला.

"डबल क्लच," तो म्हणाला.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं आणि क्लचची जागा मोकळी. आबांचा डावा पाय, ज्याला पेन्शन मिळाली असं सगळे समजत होते, तो रोज कामावर येत होता. गिअर पडायची वेळ आली की आबांना ती कानाने कळे, यंत्राच्याही आधी. पाय उठे, जवळ जे पेडल सापडेल ते दाबे, सोडे, पुन्हा दाबे. यंत्राचा हात एकीकडे गिअर टाकतोय आणि वरून पस्तीस वर्षांचा अनुभव ब्रेक मारतोय, अशात मान हलणार नाही तर काय होईल? आणि गुडघा का दुखत होता ते तर आता काकींनाही सांगता आलं असतं.

निदान झालं, पुढचा प्रश्न मोठा. सांगणार कोण? पस्तीस वर्षं चालक राहिलेल्या माणसाला, ज्याच्या बसमध्ये झोपलेलं पोर झोपलेलं राहायचं त्याला, सांगायचं की आबा, धक्का तुम्ही देता? मी म्हटलं, चिरंजीवांना फोन करू, ते समुद्रात आहेत, त्यांना लांबून बोलता येईल. मेस्त म्हणाला, थांबा.

आबा गाडी वळवून आले. "कळलं?"

"कळलं आबा. क्लचचा भाग तापतो."

मी रस्त्याकडे बघायला लागलो.

"तुमच्या डाव्या पायामुळे खाली वारा लागत नाही," मेस्त गंभीरपणे सांगत होता, "पाय पुढे असतो ना, वाट अडते. डावी चप्पल काढायची आणि पाय पार मागे ओढून सीटला टेकवायचा. टाच सीटला लागलीच पाहिजे. वारा खेळता राहिला की तो गप्प होईल."

आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या गॅरेजांत ऐकलेलं सगळ्यात बिनडोक कारण हेच होतं, आणि आबांना इंजिनातलं कळतं. मला वाटलं, आता पोराला दुसऱ्यांदा बसमधून उतरवणार. पण ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या गॅरेजांना हे सुचलं नाही." डावी चप्पल काढली आणि मागच्या सीटवर ठेवली, देवळात जाताना ठेवतात तशी. त्यांना कळलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. किती झाले विचारल्यावर मेस्त "वाऱ्याचे काय घेणार?" म्हणाला. आबांनी त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, आणि पेडणेकरीत म्हणाले, "तेन्ना तुका उतरयलो, तो राग धरू नको."

त्या संध्याकाळी आम्ही कामुर्लीच्या फेरीपर्यंत जाऊन आलो. टाच सीटला. पहिल्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा तिसरा. पेल्यातलं पाणी हललं, सांडलं नाही. माझी मांडी कोरडी. आबांचा डावा गुडघा मात्र दर वेळी किंचित थरथरत होता, कुत्रं झोपेत पळतं तसा. परतताना आश्वेच्या रेतीत भाड्याची जीप अडकवून बसलेल्या दिल्लीकरांचा विषय निघाला. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबून चाकं गरगर फिरवत ठेवली, अशाने ऑटोमॅटिकमधलं तेल उकळतं, असं आबा मला अर्धा तास मराठीत सांगत होते. मराठीत, म्हणजे मन शांत होतं.

चार दिवस सकाळी फोन आला नाही. पोदेराची पोंपों ऐकून मी उठू लागलो. पाचव्या दिवशी अंधारातच वाजला.

"मोकळो आसस?"

"काय झालं आबा? धक्का परत आला?"

"ना. अजिबात ना." आवाज पडलेला. मागे काकी काहीतरी पुटपुटत होत्या. "काल पेडण्यासून येताना चौथ्यार गेलो, माका समजूकच ना."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं?" आबा म्हणाले. "माका न इचारता गेलो मरे!"